तारकर्लीचे पैसे स्कॅनच्या आधी भरू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. वहिनींना सतरावा आठवडा चालू आहे, जानेवारीत चार दिवस तारकर्ली, पुण्याहून स्वतःची गाडी. बुकिंगवाले म्हणतात या आठवड्यात पूर्ण रक्कम भरलीत तर चांगली सवलत, मात्र रद्द केलं तर परतावा नाही. वर आई म्हणतात, पाचव्यात प्रवास नकोच. आम्ही ठाण्याचे, एवढा फरक सोडला तर हे सगळं आमच्याही घरात झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. वहिनींची तब्येत, आधीचा इतिहास, रिपोर्ट यातलं मला काही माहीत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

दुसरी तिमाही बरी, डॉक्टरांना विचारून जा, पाणी भरपूर प्या, हे तुम्हाला माहीतच असणार. ते सोडून देते.

मला सगळ्यात आधी सांगायचंय ते पैशांबद्दल. अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान जी मोठी सोनोग्राफी होते, अॅनॉमली स्कॅन, ती होईपर्यंत परतावा नसलेलं काहीही बुक करू नका. त्या स्कॅनमध्ये बाळाचे अवयव तर बघतातच, शिवाय वार (प्लॅसेंटा) कुठे आहे, गर्भाशयाचं तोंड किती लांब आहे हेही बघितलं जातं. वार खाली आहे किंवा तोंड आखूड आहे असं निघालं, तर ठणठणीत बाईलाही प्रवास थांबवायला सांगतात. माझं तसंच झालं. मला काही म्हणजे काही त्रास नव्हता. स्कॅनमध्ये वार खाली दिसली आणि डॉक्टर म्हणाल्या, गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींची वर सरकते, घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या सोनोग्राफीपर्यंत लांबचा प्रवास नको.

बुकिंग करताना फोनवरच्या माणसाला आम्ही स्पष्ट विचारलं होतं की मी गरोदर आहे, डॉक्टर नाही म्हणाले तर काय? त्याने सांगितलं होतं, ‘ताई, अशा केसमध्ये तारीख बदलून देतो, काळजी करू नका.’ स्कॅननंतर त्याच ऑफिसला फोन केला. आधी म्हणाले, ईमेल करा. केला. मग म्हणाले, डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र पाठवा. पाठवलं. मग उत्तर आलं की पत्रात ‘प्रवास टाळावा’ असं लिहिलंय, ‘प्रवास करू शकत नाहीत’ असं लिहिलेलं नाही. दवाखान्यात पुन्हा जाऊन, रांगेत बसून, डॉक्टरांकडून ते वाक्य बदलून आणलं. तेव्हा कळवलं की तुमच्या तारखा गर्दीच्या हंगामातल्या आहेत, त्यांना ही सोय लागू नाही. ज्याने शब्द दिला होता त्याच्याशी बोलायचंय म्हटलं, तर तो आता इथे नाही. शेवटी आमच्या माथी एक व्हाउचर मारलं, सहा महिन्यांच्या मुदतीचं, शनिवार-रविवार आणि सणासुदीला न चालणारं. त्या सहा महिन्यांत मी एकतर दिवस भरत आलेली असणार किंवा ओली बाळंतीण. माझ्या पत्रावर प्रसूतीची अंदाजे तारीख लिहिलेली होती. ती वाचून कोणीतरी हे व्हाउचर बनवलं, याचा मला अजून संताप येतो. पैसे गेले ते गेलेच, पण ज्या दिवसांत मी शांत राहायला हवं होतं ते दिवस या लोकांच्या मागे फोन करण्यात गेले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर काही रक्कम परत आली, सगळी नाही. तक्रार करताना आमच्याकडे फोनवरच्या आश्वासनाचा कसलाच पुरावा नव्हता, तिथेच आमची बाजू लंगडी पडली.

म्हणून फोनवर जे ठरेल ते त्याच मिनिटाला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं आणि ‘हो’ असं उत्तर मागायचं. प्रश्न मोघम ठेवायचा नाही. वैद्यकीय कारणाने तारीख बदलायची झाली तर नेमका कोणता कागद लागेल, तुमच्या तारखांना ही सोय लागू आहे का, बदललेली तारीख कधीपर्यंत चालेल, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची सवलत नको. प्रवास विम्याच्या भरवशावरही राहू नका, बऱ्याच पॉलिसींमध्ये गरोदरपणाशी संबंधित खर्च वगळलेला असतो.

आता ठिकाण. माझं मत ठाम आहे आणि काहींना पटणार नाही: या वेळी किनारा निवडायचा तो हॉस्पिटलवरून. तारकर्ली मला फार आवडते, पण पुण्याहून ती गाडीने आठ-नऊ तास आहे, मध्ये फोंडा नाहीतर आंबोलीचा घाट. तिथून ओरोसचं जिल्हा रुग्णालय तासाभराच्या अंतरावर, आणि सिंधुदुर्गातले अवघड पेशंट आजही बऱ्याचदा गोव्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवतात, म्हणजे आणखी दोन-अडीच तास. शंभरातल्या बहुतेक बायकांना याची गरज पडत नाही हे मान्य. पण रात्री अडीचला पोटात कळ आली की आपण त्या बहुतेकींपैकी आहोत का, हे तेव्हा कळत नसतं.

तुमच्या जागी मी असते तर दोनच पर्याय बघितले असते. एक, दक्षिण गोवा. कोलवा, बाणावली, वार्का हा पट्टा सपाट, पायऱ्या-टेकड्या जवळजवळ नाहीत, आणि कोलवा-बाणावलीहून मडगाव सहा-सात किलोमीटर. तिथे दक्षिण गोवा जिल्हा रुग्णालय आहे, खाजगी हॉस्पिटलंही आहेत. पुण्याहून विमानाने तासाभराचा प्रवास, फक्त तिकीट काढताना दाबोळी आणि मोपा या गोव्यातल्या दोन विमानतळांत गल्लत करू नका, मोपा पार उत्तरेला पेडण्यात आहे. विमान कंपन्या साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या पुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात, कंपनीप्रमाणे नियम बदलतो. वहिनींना तेवढे आठवडे झालेले नसतील, तरी किती आठवडे झालेत हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. काउंटरवरचा माणूस पोट बघून प्रश्न विचारतो. रेल्वेने जायचं तर मिरज-लोंढा मार्गे मडगावला जाणारी गोवा एक्स्प्रेस आहे. गरोदर स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जावं. वरचा बर्थ मिळाल्यावर डब्यात कोणाची तरी विनवणी करण्यापेक्षा हे बरं.

दुसरा, अलिबागच्या आसपास, वरसोली किंवा नागाव. एक्स्प्रेस-वेने खोपोली, पेण करत चार तासांत पोहोचता, आणि जिल्हा रुग्णालय अलिबाग गावातच आहे. शुक्रवारी संध्याकाळी मात्र निघू नका, वडखळला अडकलात तर बसून कंबर धरते. मंगळवारी जा, शुक्रवारी सकाळी परत या. माझी वार पुढच्या सोनोग्राफीत वर सरकलेली दिसली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा आम्ही नागावलाच गेलो. मुंबई-ठाण्याकडचं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी रो-रो घ्या. गाडी बोटीत चढवायची आणि तासभर वर बसायचं, खड्डा नाही की गतिरोधक नाही. गाडीने जाताना दर दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटं चालायचंच, गरोदरपणात पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो. सीट बेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसवा. पोटाला लागतो म्हणून बेल्टच न लावणाऱ्या मी खूप बघितल्या आहेत. कृपा करून तसं करू नका.

राहण्याच्या जागेबद्दल. ‘घरगुती राहण्याची सोय’ मला हॉटेलपेक्षा आवडते, जेवण ताजं असतं आणि घरातली काकू नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते की हिला आज भात-आमटीच हवी आहे. पण फोटोत दिसत नाही ते विचारून घ्या. गाडी लावतात तिथून खोलीपर्यंत किती पायऱ्या? चिऱ्याच्या पायऱ्या ओल्या झाल्या की फार घसरतात. संडास कमोडचा आहे का? खोलीला लागून आहे का? मच्छरदाणी आहे का? वाडीत डास असतातच. खोलीत मोबाइलला रेंज येते का? हे शेवटचं लोक विसरतात, आणि १०८ ला फोन लावायचा तर रेंज हवीच. हाच नंबर गोव्यातही चालतो.

खाण्याचं फार अवघड नाही. मासे खा, ताजे आणि नीट शिजलेले. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, त्यामुळे मोरी (शार्क) पूर्ण बंद आणि मोठी सुरमई रोज नको. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील चालतात. तिसऱ्या (शिंपल्या) खायच्या तर पूर्ण शिजलेल्या. सोलकढी समोर काढून देत असतील तरच घ्या, सकाळी काढलेला नारळाचा रस दुपारी उकाड्यात आंबतो.

पाण्यात घोट्याइतकं, फार तर गुडघ्याइतकं, ओहोटी-भरतीची वेळ तिथल्या माणसाला विचारून. स्कूबा अजिबात नाही, ते बाळासाठी धोक्याचं आहे. पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्कीही नाही. डॉल्फिन दाखवणारी बोट लोकांना निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात चढताना एक पाय वाळूत आणि एक हलत्या बोटीत असतो. वहिनींनी किनाऱ्यावर बसावं, तुम्ही शेजारी बसा. ऊन चढायच्या आत एक फेरी आणि संध्याकाळी एक, मधले तास पंख्याखाली झोप. चार दिवसांत किल्ला, मंदिर, बाजार असलं काहीच ठरवलं नाहीत तर उत्तम.

फाइल हँडबॅगमध्ये ठेवा, सामानाच्या डिकीत नको. शेवटच्या सोनोग्राफीचा कागद, रक्तगट, चालू औषधं, सरकारी माता-बाल कार्ड असेल तर तेही. वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते तुम्हालाही पाठ असू द्या, कारण रक्तस्राव झाला तर निगेटिव्ह रक्तगटाच्या गरोदर बाईला देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न लगेच येतो. आणि रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायचं नाही, तडक हॉस्पिटल.

आईंबद्दल. त्यांना समजावायला तुम्ही एकटे बसू नका, पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आमच्या सासूबाई डॉक्टरांकडून ऐकल्यावरच शांत झाल्या, आणि नागावला निघताना दशम्यांचा डबा त्यांनीच भरून दिला. तुम्ही कितीही वाचून सांगितलंत तरी त्यांच्या दृष्टीने तुम्ही लेकच.

स्कॅन झालं की वार आणि गर्भाशयाच्या तोंडाबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा. तोपर्यंत बुकिंगवाल्याला सरळ सांगा, अठ्ठेचाळीस तास आधीपर्यंत रद्द करता येणारा दर द्या, थोडा जास्त असला तरी चालेल. नाही म्हणाला तर त्याला सोडा. जानेवारीत शनिवार-रविवार वगळून जाणार असाल तर खोली सहसा मिळते.