वाचकांचे प्रश्न : भीमेचं पाणी आणि समुद्राचं आरोग्य

प्रश्न : आठवीच्या मुलांना समुद्राचं आम्लीकरण शिकवते. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ आहे, म्हणजे ते अल्कधर्मी झालं. मग आम्लीकरण कुठलं, असं मुलं विचारतात. वर्गात दाखवण्याजोगा प्रयोग सांगाल का?
— शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : मुलांची शंका रास्त आहे. समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. सामू कोणत्या दिशेने सरकतो आहे, ते ‘आम्लीकरण’ सांगतं. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी सरासरी सामू ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ वर आला आहे. फरक किरकोळ दिसतो, पण या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. त्यामुळे ०.१ ची घट म्हणजे आम्लता ठरवणाऱ्या हायड्रोजन आयनांत २५ ते ३० टक्के वाढ. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो, त्यातून हे आयन तयार होतात आणि पाण्यातल्या कार्बोनेटचं बायकार्बोनेट करून टाकतात. शिंपल्यांना आणि प्रवाळांना कवच बांधायला मात्र कार्बोनेटच लागतं.

प्रयोगाला पानटपरीवरचा ताजा, ओला चुना घ्या. एक लिटर पाण्यात एक चमचा चुना घालून बाटली हलवा, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरची नितळ निवळी अलगद ओतून घ्या. पाणी आरओचं किंवा बॅटरीत घालायचं वापरा. बोअरचं पाणी जड असतं, चुना पडताच ते आपलं आपणच गढूळ होतं आणि प्रयोग तिथेच फसतो. आता पाव ग्लास निवळीत गार, नुकताच फोडलेला साधा सोडा चमच्याचमच्याने घाला. पहिल्या एक-दोन चमच्यांतच निवळी दुधाळ होईल. तो पांढरा साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपल्याचं कवच याचंच असतं. सोडा घालत राहा. निवळीइतका, फार तर दुप्पट सोडा पडेपर्यंत सगळं पुन्हा नितळ होतं. सोड्यातल्या ज्या कार्बन डायऑक्साइड वायूने साका तयार केला, तोच जास्त झाल्यावर साका विरघळवतो. मुलांना हे दुसरं वळण नीट पाहू द्या, खरा धडा तिथे आहे.

नितळ झालं नाही, तर सोड्यातला वायू उडालेला असतो किंवा चमच्याने फार ढवळलेलं असतं. मुळात दुधाळच झालं नाही, तर चुना जुना आहे. उघड्यावर राहिलेल्या चुन्याचं आधीच कार्बोनेट झालेलं असतं. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि नळीने तोंडाने फुंकायलाही लावू नका, चुकून आत ओढली तर घसा पोळतो. शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगा : सोड्यात वायू समुद्राच्या कितीतरी पट जास्त असतो. समुद्रात कवचं अशी मिनिटांत विरघळत नाहीत. तिथे आधी कवच बांधणंच अवघड होतं, आणि सगळ्यात आधी फटका बसतो तो पिल्लांना.

प्रश्न : आमचा ऊस मोहोळला, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. माझ्या युरियाने समुद्राचं काय बिघडणार?
— ऊस उत्पादक, मोहोळ तालुका

उत्तर : तुमच्या भागातलं पाणी सीनेला मिळतं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला, भीमा पुढे रायचूरच्या बाजूला कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला. वाटेत धरणं आहेत, त्यामुळे कोरड्या वर्षी फारसं पाणी समुद्रापर्यंत पोचत नाही. पुरात पोचतं. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर जातं. उजनी धरणाचं पाणी हिरवं पडतं ते शेवाळाने, आणि शेवाळाला खाद्य मिळतं सांडपाण्यातून आणि खतांतून. समुद्रातही तेच घडतं : शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. बंगालच्या उपसागरात ठरावीक खोलीवर ऑक्सिजन मुळातच कमी आहे.

दुसरी वाट हवेची. काळ्या जमिनीत पाणी साचलं की नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो, आणि वाढलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राच्या पोटात जाते.

म्हणून हिशेब चोख ठेवा. सुरू (हिवाळ्यात लावलेल्या) उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १०० किलो. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा एकरी २१७ किलो युरिया झाला, ४५ किलोच्या पाच गोण्यांपेक्षा थोडा कमी. डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत घालत असाल तर ५० किलोच्या प्रत्येक गोणीतलं ९ किलो नत्र त्या १०० किलोंतून वजा करा, बहुतेक जण हेच विसरतात. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १०, मोठ्या बांधणीला (उसाला माती लावताना) ४०. खत फोकून वर मोकाट पाणी सोडू नका, ते मातीआड करून हलकं पाणी द्या. खोडव्याला (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) पहारीने बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर तितकंच खोल भोक घेऊन खत टाका आणि बुजवा. ठिबक असेल तर छोट्या हप्त्यांत विद्राव्य खत सोडणं सगळ्यात उत्तम. जोराच्या पावसाचा अंदाज असेल, तर हप्ता चार दिवस पुढे ढकला.

प्रश्न : टॉवेल रंगवल्यावरचं आमचं पाणी अल्कधर्मी असतं. समुद्र आम्ल होतोय, तर हे पाणी उपयोगीच नाही का?
— टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

उत्तर : नाही. समुद्र वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यापुढे तुमच्या पाण्यातला सोडा ॲश (रंग पक्का करायला घालतात तो क्षार) नगण्य आहे, आणि तो बनवतानाही इंधन जळतंच. त्याआधी ते पाणी ओढ्यातले मासे आणि खालच्या शेतकऱ्याची जमीन बिघडवतं. त्यात मीठही असतं. गडद रंगाला लिटरमागे ७० ग्रॅम मीठ आणि कापडाच्या किलोमागे आठ लिटर पाणी धरलं, तरी एका किलो टॉवेलला ५६० ग्रॅम मीठ लागतं. साध्या शुद्धीकरण प्रकल्पात ते निघत नाही, आरओ आणि बाष्पीभवनच लागतं. म्हणून मुळातच कमी पाण्यात रंगवणारं मशीन घ्या : पाच लिटरवर आलात, तर मीठ ३५० ग्रॅमवर येतं आणि तापवायचं पाणीही घटतं. समुद्रासाठी काही करायचं असेल तर बॉयलरपासून सुरुवात करा. वाफेच्या उघड्या पाइपांना आवरण घाला, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) गटारात न सोडता बॉयलरला परत द्या. कोळसा लगेच कमी लागतो.

प्रश्न : पॉलिस्टरच्या साड्या धुताना प्लास्टिकचे तंतू सुटतात म्हणे. घरी काय करता येईल?
— गृहिणी, होटगी रोड

उत्तर : गार पाणी, कमी वेळाचं चक्र आणि भरलेलं मशीन. कपडे थोडे आणि पाणी जास्त असलं की घर्षण वाढून तंतू जास्त सुटतात. मशीनच्या जाळीत साठलेला लगदा बेसिनमध्ये धुऊ नका, वाळवून सुक्या कचऱ्यात टाका. सुती कपड्यांचेही तंतू सुटतात, पण ते कुजतात.