चिंगीला काय झालंय ते कळलंच पाहिजे

मी समुपदेशनाचं काम करते. गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी माझ्यासमोर बसून जवळपास एकच गोष्ट सांगितली. मॅडम, घरातलं मांजर आजारी आहे, काय झालंय ते डॉक्टरांनाही कळत नाहीये, आणि मला दुसरं काही सुचत नाही. त्यावर लगेच पुस्ती, "तुम्हाला हसू येईल." नाही येत हो. म्हणून त्यातल्या एकीबद्दल तिला विचारून, नावं बदलून लिहितेय.

मृदुला. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत अकाउंट्सला, राहायला इंदिरानगर. तिची चिंगी नऊ वर्षांची. वजन अडीच महिन्यांत ३ किलो ८०० वरून ३ किलो २०० वर आलेलं, मधूनच ताप, मधूनच उलटी. रक्त झालं, एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, बास्केटमध्ये घालून कसारा घाट उतरून मुंबईलाही दाखवून झालं, तिथेही "थोडे दिवस थांबून परत तपासू." सासूबाई म्हणतात, मांजरच आहे ना. नवरा तोंडाने म्हणत नाही पण बिलं बघून उसासा टाकतो. आणि हिचं एकच, "मीच उशीर केला. काय झालंय ते मला कळलंच पाहिजे."

पहिले दोन-तीन वेळा मी फक्त ऐकलं. मग एकदा ती वही घेऊन आली, कोपरे दुमडलेली शंभर पानी. म्हणलं वाच. रात्री साडेअकरा, श्वास २४. बारा, श्वास २६. साडेबारा, श्वास २३. डॉक्टरांनी एवढंच सांगितलेलं की गाढ झोपेत मिनिटाला ३० च्या आत हवेत, रोज एकदा बघा. ही दर अर्ध्या तासाला मोबाईलचा टॉर्च लावून मोजत होती, आणि प्रत्येक पानाच्या तळाला, आजपण कळलंच नाही.

मी विचारलं, "हल्ली चिंगी झोपते कुठे?"

"तांदळाच्या डब्यामागे. आधी माझ्या पायाशी असायची. आजारी मांजर लपतं ना, मी वाचलंय."

"लपतं, खरंय. पण तू टॉर्च घेऊन यायला लागलीस त्याच्या आधीपासून लपते का नंतर?"

ती बोलायची थांबली. माझ्या खोलीतलं घड्याळ जरा मोठ्याने वाजतं, तेवढाच आवाज. मग म्हणाली, "नंतर," आणि जी रडली, मला वाटतं अडीच महिन्यांत पहिल्यांदा चिंगीसाठी रडली. आधीचं रडणं रिपोर्टसाठी होतं.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी. त्याने १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि तिचं सार माझ्या भाषेत असं की संकट आपल्याला छळतं त्याच्यापेक्षा "असं व्हायलाच पाहिजे" हा आपला हट्ट जास्त छळतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, च. मी तिला पेन दिलं, म्हणलं सगळे च शोध. कळलंच पाहिजे. मीच उशीर केला. आणि तिनेच मान वर करून विचारलं, "मॅडम, आईंच्या 'मांजरच आहे ना' मधला पण?" हे मला सुचलं नव्हतं! सासूबाईंचा च दुःख पुसून टाकतो, हिचा च त्याला आणखी फुगवतो. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच येतात, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी गंगापूर रोडवरून घरी जाताना मी गाडीत गुणगुणत होते.

च काढला म्हणजे इच्छा सोडली असं नाही हं. कळावं असं वाटणारच, आणि उपाय चालूच ठेवायचे. फक्त आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. श्वास रोज एकदाच, टॉर्चशिवाय. वजन रविवारी, तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजा करायचं. डॉक्टर नवीन टेस्ट सांगतील तेव्हा विचारायचं, हिच्या रिझल्टने औषध बदलणार आहे का? नसेल तर चिंगीला त्या सुईतून जायला लावायचं का ते घरी बसून ठरवायचं, आणि खर्चाचा आकडाही नवऱ्यासोबत आधीच, काउंटरवर उभं राहून नाही. कधी थांबायचं नाही ते पण लिहून फ्रिजवर लावलं. मांजराने दिवसभर काही खाल्लं नाही तर फोन करायचा, कारण उपाशी मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते, आणि तोंड उघडून धापा टाकत असेल तर लगेच न्यायचं. आपली तापाची गोळी चुकूनही द्यायची नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे (हे इतक्या शिकलेल्या लोकांना माहीत नसतं की मी आता प्रत्येकालाच सांगते).

उशीर केल्याचं मात्र लवकर गेलं नाही. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. आठवडाभर आधी गेली असती तर काही वेगळं झालं असतं का, हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही. त्या न कळण्याशेजारी बसायला शिकणं, हे अजून चालू आहे.

परवा तिचा मेसेज आला. फोटोत वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावर चिंगी, एक डोळा उघडा. खाली लिहिलेलं, "३ किलो १००. अजून कळलं नाही. गुरुवारी यायला जमणार नाही मॅडम, हिची सोनोग्राफी आहे."