पाऊस लागला की आमच्याच घरातली लाईट जाते, शेजाऱ्यांकडे असते. बिघाड कुठे शोधायचा?

सिडकोतल्या तुमच्या घरात पाऊस लागला की मेन खटका पडतो आणि सगळी बटणं बंद केली तरी वर राहत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे इंदिरानगरात दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत अगदी हेच झालं होतं.

आधी त्या खटक्यावर ‘टी’ अक्षराचं छोटं बटण आहे का बघा. असेल तर तो बहुधा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा खटका. एमसीबी म्हणजे बोर्डावरचे एकेका भागाचे छोटे खटके, ते पडतात जादा लोडने किंवा शॉर्टसर्किटने. आरसीसीबी पडतो तो करंट गळतोय म्हणून. फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा. थोडासा जरी भिंतीतून, पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की तो पडतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो.

आता तुम्ही जिथे अडलात ते. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं. साधा एकेरी एमसीबीसुद्धा तेवढंच करतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गळती न्यूट्रलकडून असेल तर बटणं कितीही बंद करा, खटका पडत राहू शकतो. म्हणून बटणं बंद करून भागत नाही, प्लग उपसून काढायचे. फ्रिज, टीव्ही, मोबाईलचा चार्जर, सगळे. गिझरला डीपी स्विच असेल तर तो दोन्ही तारा तोडतो, तो बंद केला तरी चालेल. हात कोरडे हवेत, पायात रबरी चप्पल हवी.

मग सगळे एमसीबी खाली घेऊन आरसीसीबी वर करा. टिकला तर एकेक एमसीबी वर घ्या, त्या त्या खोलीतला दिवा-पंखा लावून बघा, आणि शेवटी एकेक प्लग घाला. ज्या प्लगला खटका पडेल, चोर तोच.

आमच्याकडे गॅलरीतलं वॉशिंग मशीन निघालं. पावसाचे सपकारे थेट त्याच्यावर येत. मागच्या बाजूने उंदराने न्यूट्रलची तार कुरतडली होती आणि ती ओल्या पत्र्याला टेकत होती. त्याआधी एक वायरमन येऊन ‘आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो’ म्हणाला होता. आई ओल्या हातांनी त्याच मशीनमधून कपडे काढायची. उद्या फेजची तार उघडी पडली असती आणि अर्थिंग नीट नसतं तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. डायरेक्ट कोणालाही करू देऊ नका, एका रात्रीपुरतंही नाही.

सगळे प्लग काढूनही पडत असेल तर ओल बहुधा वायरिंगमध्ये आहे. गच्चीवरचा दिवा आणि दाराबाहेरची बेल आधी सोडवून बघायला सांगा. वायरमनला मेगर (तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) घेऊनच बोलवा, इन्सुलेशन मोजल्याशिवाय भिंत फोडू देऊ नका.

खटका वर असूनही लाईट नसेल आणि मीटरचा डिस्प्लेही बंद असेल, तर बिघाड बहुधा मीटरच्या आधीचा, म्हणजे खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या सर्व्हिस वायरचा किंवा खांबावरचा. तिथे हात घालू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. आणि काही दिवे मंद, काही भगभगीत दिसले तर न्यूट्रल सुटला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच खाली घ्या.