पिंपरी-चिंचवडमधलं वर्कशॉप हलवायचंय : महापालिका काय देते, काय देत नाही

प्रश्न थोडक्यात असा. चिखलीच्या बाजूला भाड्याची शेड, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) लेथ, सात माणसं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतल्या शेड पाडल्या, तेव्हापासून शेडमालकाच्या शब्दावर विसंबून राहवत नाही. दुसरीकडे जायचं आहे, जमलं तर एक मशीन वाढवायचं आहे. महापालिका जागा किंवा अनुदान देते का?

रोख रकमेच्या आशेने महापालिकेत जाऊ नका. कर्जाच्या बाबतीत महापालिकेचा थेट हात लागतो तो पीएम स्वनिधीला, आणि ती पथविक्रेत्यांसाठी आहे. महापालिकेचे स्वतःचे गाळे असतात, पण ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ खाली बहुतेक लिलावाने किंवा निविदेने जातात. अर्ज केला आणि गाळा मिळाला असं होत नाही. वर्कशॉपवाल्याला महापालिकेकडून खरं घ्यायचं ते कागद : झोन दाखला, बांधकाम परवानगीची नक्कल, व्यवसाय परवाना. पैसा जिल्हा उद्योग केंद्र आणि बँकेच्या वाटेने येतो, आणि त्या वाटेवर हे कागद आधी लागतात. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. मशीनला ॲडव्हान्स देऊन झाल्यावर जागेचे कागद शोधायला निघतात.

म्हणून सुरुवात जागेपासून. नवी शेड बघितली की सर्व्हे किंवा गट नंबर घ्या आणि नगररचना विभागातून झोन दाखला काढा. औद्योगिक विभाग असेल तर पुढे चला. रहिवासी विभाग निघाला तर युडीसीपीआरमधली (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतली) सेवा उद्योगांची यादी बघा. तिथे प्रत्येक कामापुढे हॉर्सपॉवर, कामगार आणि क्षेत्रफळाची मर्यादा दिलेली आहे, आणि तीन-चार सीएनसी त्यात बसणं अवघडच. शेडमालक मिळकतकराची पावती पुढे करतो, तिला भुलू नका. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते. पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. मंजूर नकाशा आणि भोगवटापत्र मागा. ‘मिळेल, अर्ज केलाय’ असं उत्तर आलं तर डिपॉझिट देऊ नका.

भोसरी एमआयडीसीत गाळा घेत असाल तर एक गोष्ट वेगळी. तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी, कर मात्र महापालिकेचा. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे ज्याला सगळे बीसीसी म्हणतात तो, एमआयडीसीचा हवा. शिवाय भूखंडधारकाने तुम्हाला गाळा भाड्याने द्यायला एमआयडीसीची उपभाड्याची परवानगी घेतलेली हवी. तिचं शुल्क वाचवायचं म्हणून ती न घेणारे मालक बरेच भेटतात. भाडं स्वस्त पडतं, पण पुढे वीज, प्रदूषण नियंत्रण मंडळ, बँक, सगळीकडे एमआयडीसीची परवानगी विचारली जाते.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच करा. राज्यात नोंदणी सक्तीची आहे. ६० महिन्यांपर्यंतच्या कराराला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. महिना ४०,००० भाडं, ३६ महिने, २ लाख डिपॉझिट असेल तर १४,४०,००० अधिक ६०,०००, म्हणजे १५ लाख, त्यावर ३,७५० रुपये. एवढ्यासाठी ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवू नका. बँकेचा वकील तो कागद बाजूला ठेवतो. आणि मुदत ११ महिन्यांची घेऊ नका. पाच वर्षांचं कर्ज मागणाऱ्याकडे निदान तीन वर्षांची जागा हवी.

वीज हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. जुन्या जागेचा मीटर नव्या गावात जात नाही, तिकडे पी.डी. (वीज कायमची तोडणं) करून डिपॉझिट परत मागायचं, इकडे नवीन कनेक्शन. भार आधी मांडा. व्हीएमसी २० केव्हीए, लेथ १५-१५ धरले तर ५० केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.९ ने ४५ किलोवॅट. साडेसात हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर म्हणजे ५.६. दिवे-पंखे-कूलंट पंप धरून ५३-५४ किलोवॅट. वाढीव मशीनचाही भार आत्ताच मागा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच टेबल. २० किलोवॅटच्या वर गेलात की लघुदाब औद्योगिकमध्ये डिमांड चार्ज केव्हीएवर लागतो, त्यामुळे पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल पहिल्या दिवसापासून हवं. त्या ग्राहक क्रमांकावर मागच्या भाडेकरूची थकबाकी आहे का, ते टोकन देण्याआधी महावितरणकडून तपासा. ट्रान्सफॉर्मरवर भार शिल्लक आहे का हेही शाखा अभियंत्याला विचारा. नसेल तर खर्च तुमच्या गळ्यात येऊ शकतो, आणि मग स्वस्त गाळा स्वस्त राहत नाही.

प्रदूषण मंडळाची संमती जागेला असते, ती तुमच्याबरोबर हलत नाही. हीट ट्रीटमेंट, पेंटिंग, प्लेटिंग नसलेलं कोरडं इंजिनिअरिंग काम पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या गटात येतं आणि फक्त कळवावं लागतं. एका कोपऱ्यात प्लेटिंगची टाकी ठेवली की थेट लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाचा गट. पार्टनर ‘छोटीशीच आहे’ म्हणाला तरी नको. कामगार २० झाले की कारखान्याचे नियम (आधी कारखाना कायदा, नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता) आणि ‘डिश’ची, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, नकाशा मंजुरी येते; सात माणसांवर तो विषय तूर्त नाही. परवान्यासाठी महापालिकेचा आकाशचिन्ह व परवाना विभाग. महानगरपालिका अधिनियमाची कलमं ३१३ आणि ३७६ तिथेच लागू होतात.

जीएसटीत क्रम चुकला की ट्रक रस्त्यात अडतो. मशीन हलवण्याआधी नवी जागा ‘अतिरिक्त व्यवसाय ठिकाण’ म्हणून जोडून घ्या. मग डिलिव्हरी चलनावर मशीन हलवा. एकाच नोंदणीखाली राज्यातल्या राज्यात हलवलं तर विक्री होत नाही, कर नाही. पण किंमत १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. उत्पादन तिकडे सुरू झालं की मुख्य ठिकाण बदला. बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज हवा. उद्यम नोंदणीत आहे त्याच क्रमांकावर पत्ता बदला. ती फुकट आहे आणि दुसरी काढायची नसते. एजंट ‘नवीन काढून देतो’ म्हणाला तर दुसरा एजंट बघा, किंवा स्वतःच करा.

आता पैसा. पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं) पहिलं कर्ज नव्या युनिटलाच मिळतं, हललेलं युनिट नवं ठरत नाही. बायकोच्या नावाने करू, असं बरेच जण म्हणतात. पण योजनेत पती-पत्नी मिळून एकच लाभार्थी. तुम्हाला उपयोगी पडेल ते त्याच योजनेचं दुसरं कर्ज : आधीचं पीएमईजीपी किंवा मुद्रा कर्ज वेळेत फेडलेलं, तीन वर्षं नफा, आणि उत्पादनासाठी १ कोटीपर्यंत प्रकल्प. अनुदान १५ टक्के, स्वतःचा हिस्सा १० टक्के. ६० लाखांच्या प्रकल्पात ९ लाख अनुदान, ६ लाख तुमचे. हे ९ लाख हातात येत नाहीत. ते बँकेत बाजूला ठेवलेले राहतात, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही आणि मुदत व पडताळणी झाल्यावर कर्जातून वजा होतात. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. शेडचं भाडं तीन वर्षांपर्यंतचं धरता येतं. योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळे अर्ज घेणं चालू आहे का ते आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

आधी पीएमईजीपी किंवा मुद्रा घेतलं नसेल तर हा रस्ता बंद. मग साधं मुदत कर्ज, सीजीटीएमएसईच्या (लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीवर. हमीची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी आहे, घर गहाण टाकायची गरज नाही. मॅनेजर तरी तारण मागेल, तेव्हा हमी शुल्क भरायची तयारी लेखी दाखवा.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेबद्दल फार ऐकायला मिळतं. तिचा लाभ तालुका जितका मागास तितका जास्त, आणि पुणे पट्टा विकसित गटात येतो. केवळ सवलतीसाठी लांबच्या तालुक्यात जायचं असेल तर ऑपरेटर तिथे येतील का हे आधी विचारा. सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) सोडून गेला तर सवलतीचा हिशेब दोन महिन्यांत उलटतो.

जुन्या जागेचं विसरू नका. परवाना रद्दचा अर्ज, विजेची पी.डी., शॉप ॲक्टमधला पत्ता, ईएसआय असेल तर तोही. पी.डी.च्या दिवशीचं रीडिंग मीटरच्या फोटोसह ठेवा. डिपॉझिटच्या परताव्यावरून वाद झाला तर तोच फोटो कामी येतो.