तिसरा महिना सरेपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : पाळी दर 28 दिवसांनी येते. यावेळी चुकून 10 दिवस झाले, घरची चाचणी पॉझिटिव्ह आहे. घरचे म्हणतात, तीन महिने होऊ देत, मग दवाखान्यात नाव घालू. थांबलं तर काय बिघडेल?

उत्तर : बातमी कुणाला कधी सांगायची, ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांना मात्र आत्ताच सांगा. तपासणीने किंवा सोनोग्राफीने गर्भ पडत नाही; सुरुवातीचे गर्भपात बऱ्याचदा गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुम्हाला आज 38 दिवस, साडेपाच आठवडे झाले. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर 28 व्या दिवसाच्या सुमारास बंद होते. तुमच्या हिशेबाने ते याच आठवड्यात! म्हणून फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी आजच सुरू करा, 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज घ्या. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टर ठरवतील. चालू असलेली कुठलीही औषधं त्यांना दाखवा, पण मनाने बंद करू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या शिफारशीनुसार गरोदरपणात किमान आठ भेटी हव्यात आणि पहिली 12 आठवड्यांच्या आत. याचं एक कारण बाळंतपणाची तारीख. या काळात सोनोग्राफीत गर्भाची लांबी मोजून काढलेल्या तारखेत फार तर 5 ते 7 दिवसांचा फरक पडतो. 28 आठवड्यांनंतर तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. मग नवव्या महिन्यात बाळ लहान भरलं, तर ते खरंच वाढत नाहीये की तारीखच चुकली, हे सांगणं अवघड होतं.

दुसरं कारण रक्तदाब, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. गरोदरपणाच्या मध्यावर तो आपोआप थोडा उतरतो. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा मोजला तर जुना उच्च रक्तदाब झाकला जातो, आणि पुढे वाढल्यावर तो आधीचा की आत्ताचा, हे कळत नाही. ज्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, त्यांना ॲस्पिरिनची छोटी मात्रा देतात. तीही 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली तर अधिक उपयोगी.

आत्ताच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत तर घाबरू नका, सातव्या आठवड्यात पुन्हा बघतात. मात्र एका बाजूला पोटात सतत दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, रक्तस्राव किंवा चक्कर, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत (नळीत) रुजलेला असू शकतो.

प्रश्न : पहिलं बाळंतपण सिझेरियनने झालं, बाकी सगळं सुरळीत होतं. यावेळीही लवकर जायला हवं?

उत्तर : यावेळी तर अधिकच. गर्भ जुन्या व्रणात रुजला आहे का, हे 6 ते 7 आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत नीट दिसतं. पुढे गर्भ वाढून पोकळी भरली की ते ओळखणं कठीण. हिमोग्लोबिनही पुन्हा तपासा. पहिल्या तिमाहीत 11 ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि तो भरून यायला महिने लागतात. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर मागच्या वेळी अँटी-डी इंजेक्शन (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिलं होतं का, तो कागद सोबत न्या.

प्रश्न : पाळी अनियमित असल्याने पाचव्या महिन्यात लक्षात आलं. आता जायला संकोच वाटतो, रागावतील.

उत्तर : याच आठवड्यात जा. बाळाचे अवयव तपासायची सोनोग्राफी 18 ते 22 आठवड्यांत होते आणि साखरेची चाचणी 24 ते 28 मध्ये, म्हणजे दोन्ही अजून हातात आहेत. एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब यांच्या चाचण्या पहिल्याच भेटीत करून घ्या. सिफिलिसवर जितक्या लवकर पेनिसिलिन मिळेल तितकं बाळ सुरक्षित. पाळीची तारीख आठवत नसेल तर तसंच सांगा, अंदाजाने ठोकून देऊ नका. कुणी रागावलंच, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, पण तपासणी सोडू नका.