पटावरचे प्रश्न : ढीग लाल ठोकळ्यांचा, डाव दुसऱ्याचा

प्रश्न : आम्ही चौघे मित्र 'टायग्रिस अँड युफ्रेटिस' हा पटावरचा खेळ खेळतो. माझे गुणांचे लाल ठोकळे ते लपवायच्या पडद्यामागे मावत नाहीत, तरी जिंकतो तो, जो कशातच पुढे दिसत नाही. हा नशिबाचा खेळ आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या मित्राने गुणांचा नियम पक्का ध्यानात ठेवलाय, एवढंच. शेवटी लाल, काळा, निळा, हिरवा यांची बेरीज होतच नाही. ज्या रंगाचे ठोकळे तुमच्याकडे सर्वांत कमी, तेवढेच तुमचे गुण. लाल वीस आणि हिरवे तीन, तर तुम्ही तीनवर. प्रत्येक रंगाचे सहा-सहा जमवून गप्प बसलेला गडी तुमच्या दुप्पट!

लाल साठतातच, कारण पटावर लावायच्या पिशवीतल्या १५३ चौकोनी टाइल्सपैकी ५७ मंदिरांच्या आहेत. हातात सारखं लालच येतं आणि माणूस तेच लावून लाल ठोकळे घेत सुटतो. पण लाल टाइलची खरी किंमत बंडात. एकाच राज्यात, म्हणजे जोडलेल्या टाइल्सच्या आणि नेत्यांच्या गटात, कुणी त्याच रंगाचा दुसरा नेता आणून बसवला की शेजारची मंदिरं आणि हातातल्या लाल टाइल्स मोजल्या जातात. मग तो नेता राजा असो की शेतकरी. तेव्हा दोन-तीन लाल राखून ठेवा, बाकीच्या बदलून घ्या. सहाच्या सहा टाइल्स बदलायलाही एकच चाल लागते. नवे भिडू यात कमीपणा मानतात, का ते देव जाणे.

काळे कमी पडत असतील तर लढाई करा. समजा, शेजारच्या राज्यात पाच काळ्या टाइल्स आहेत आणि तुमच्या राज्यात तीन. दोन्हीकडे राजे, म्हणजे काळे नेते, आहेत आणि तुमच्या हातात तीन काळ्या. मधली टाइल टाकून राज्यं जोडलीत की तुमचे सहा, त्याचे पाच. पण चढाई करणाऱ्याने हात आधी उघडायचा असतो, आणि बरोबरी झाली तर बचाव करणारा जिंकतो. म्हणजे त्याच्या हातात एक काळी निघाली तरी तुम्ही संपलात. तो गेल्या दोन फेऱ्यांत काळ्या टाइल्स लावत होता की दडवत होता, हे पाहिलेलं असलं पाहिजे. जमलं, तर त्याचा राजा आणि पाचही टाइल्स पटावरून जातात, आणि तुम्हाला एका फटक्यात सहा काळे ठोकळे. हळूहळू लावत बसलात तर तेवढ्याला निम्मा डाव जातो.

आणि व्यापारी, म्हणजे हिरवा नेता, कुठेतरी कोपऱ्यात बसवू नका. राज्यात खजिन्याची दोन मंदिरं आली की एक खजिना तिथल्या व्यापाऱ्याच्या मालकाचा. हा खजिना शेवटी कुठल्याही रंगात धरता येतो. तुमच्यासारख्यांना तर तो औषधच आहे.

प्रश्न : घरी मी आणि मुलगी दोघीच. हाच खेळ घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : डब्यावर २ ते ४ भिडू लिहिलंय आणि दोघींत तो चालतोही. पण मजा तिघांत. दोघे भांडतात आणि तिसरा मोडक्या राज्यात आपला नेता बसवतो, हे दोघींच्या डावात कुठून येणार? मुलगी लहान असेल तर अजून थांबा. पाच टाइल्स एकदम उचलल्या गेल्या की मोठी माणसंसुद्धा रुसतात.

प्रश्न : यात खरा मेसोपोटेमिया किती? त्या काळी तिथले लोक काय खेळत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन नद्या, त्यांच्या काठची शेती, मंदिराभोवती वाढणारी वस्ती, एवढं खरं. १९९७ साली हा खेळ काढणारे राइनर क्निझिया गणितातले डॉक्टरेट आहेत, आणि ते पटावर दिसतं.

तिथल्या खऱ्या खेळासाठी ऊर हे मेसोपोटेमियातलं प्राचीन शहर गाठावं लागेल. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२०च्या दशकात तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत वीस घरांचे पट सापडले. ते साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. पाच घरांवर फुलं कोरलेली, दोन्ही बाजूंना सात-सात सोंगट्या. नियम कळले ते फार नंतरच्या, इ. स. पू. १७७च्या सुमाराच्या बॅबिलोनी मातीच्या पाटीवरून. ती ब्रिटिश म्युझियमच्या अर्विंग फिंकेल यांनी वाचली. ही शर्यत आहे, पचिशीसारखी, आणि तिथे मात्र दान पडावं लागतं. पट पुठ्ठ्यावर आखून घरी सहज खेळता येतो. फासे नसतील तर चार कवड्या टाका आणि उताण्या पडतील तेवढी घरं चाला.