अ‍ॅबट्सफर्ड कॅनक्स हा आइस हॉकी संघ नेमका किती जुना आहे?

आपण विचारले आहे की, कॅनडातील अ‍ॅबट्सफर्ड कॅनक्स हा संघ काही ठिकाणी २०२१ साली सुरू झाल्याचे वाचायला मिळते, तर काही ठिकाणी त्याची मुळे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड शहरात आणि महायुद्धापूर्वीच्या काळात असल्याचे सांगितले जाते. तेव्हा यातले खरे काय मानायचे? माझ्या मते दोन्ही विधाने बरोबर आहेत. संघाचे नाव, गणवेश आणि मैदान २०२१ पासूनचे आहे. मात्र अमेरिकन हॉकी लीगमधले (ही नॅशनल हॉकी लीगच्या खालची, दुय्यम लीग) त्याचे सभासदत्व, म्हणजे फ्रँचायझी, त्याहून कितीतरी जुनी आहे. दुकानाचा परवाना जुनाच राहावा आणि गाव, पाटी, गल्ल्यावरचा माणूस व माल असे सगळे बदलत जावे, तसा हा प्रकार आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डमध्ये ‘इंडियन्स’ नावाचा संघ प्रथम १९२६ साली उभा राहिला आणि काही वर्षांत बंद पडला. १९३५ साली क्यूबेकचा संघ तिथे हलवण्यात आला व त्याने तेच नाव घेतले, म्हणजे या वंशावळीचा आरंभसुद्धा स्थलांतरानेच झाला आहे. १९३९ मध्ये नॅशनल हॉकी लीगमधील बॉस्टन ब्रुइन्स संघाचे ख्यातनाम बचावपटू एडी शोअर यांनी हा संघ विकत घेतला आणि पुढची कित्येक दशके संघाचे नशीब त्यांच्या लहरीवर चालले. युद्धकाळात लष्कराने मैदान ताब्यात घेतले, तेव्हा शोअर यांनी आपले खेळाडू बफेलोच्या संघात नेले. १९५१ साली त्यांनी फ्रँचायझी सिरॅक्यूजला हलवून ‘वॉरियर्स’ हे नाव दिले आणि तीन वर्षांनी ती परत स्प्रिंगफील्डला आणली.

शोअर यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण त्यांच्या काळात या संघाचा लौकिक जितका मोठा होता तितकीच त्याची धास्तीही होती. १९६०, १९६१ आणि १९६२ असा सलग तीन वेळा कॅल्डर करंडक, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगचे विजेतेपद, त्यांच्या संघाने जिंकला. त्याच वेळी, सरावात गोलरक्षकाने बर्फावर लोळण घेऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात दोर अडकवून तो गोलच्या आडव्या दांड्याला बांधण्यात येई आणि मर्जीतून उतरलेल्या खेळाडूंना प्रेक्षागारातील खुर्च्या रंगवणे, पॉपकॉर्न विकणे अशी कामे करावी लागत, असे तिथे खेळलेल्यांनी पुढे सांगितले आहे. हा असंतोष अखेर डिसेंबर १९६६ मध्ये उफाळून आला. शोअर यांनी तीन खेळाडूंना बिनपगारी निलंबित केल्यावर बाकीच्यांनी खेळण्यास नकार दिला आणि अ‍ॅलन ईगलसन या तरुण वकिलाला मध्यस्थीसाठी बोलावले. नॅशनल हॉकी लीगमधील खेळाडूंची संघटना दुसऱ्याच वर्षी उभी राहिली, त्यामागे या संपाचा मोठा वाटा आहे. (ईगलसन यांनाच पुढे आर्थिक गैरव्यवहारांबद्दल तुरुंगात जावे लागले, पण तो विषय निराळा.)

१९६७ मध्ये संघाची सूत्रे वरच्या लीगमधील लॉस एंजेलिस किंग्जकडे गेली, संघाचे नाव ‘स्प्रिंगफील्ड किंग्ज’ झाले आणि १९७१ चा करंडकही मिळाला. १९७४-७५ च्या हंगामात शोअर परतले, त्यांनी जुने नाव पुन्हा लावले आणि त्याच वर्षी संघ पुन्हा विजेता ठरला. १९९० आणि १९९१ चे करंडक तर दुय्यम लीगचा स्वभाव समजून घेण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटतात. पहिल्या वर्षी हा संघ वरच्या लीगमधील न्यूयॉर्क आयलंडर्सशी संलग्न होता, दुसऱ्या वर्षी हार्टफर्ड व्हेलर्सशी. या पातळीवर बहुतेक खेळाडूंचे करार वरच्या लीगमधील मूळ संघाकडे असतात, त्यामुळे संलग्नता बदलताच जवळपास सगळा चमू बदलला. प्रशिक्षक जिम रॉबर्ट्स मात्र तेच राहिले आणि त्यांनी दोन वेगळे चमू घेऊन एकाच शहराला दोन करंडक मिळवून दिले.

१९९४ साली रॉय बो यांनी ही फ्रँचायझी विकत घेऊन जवळच्याच वुस्टर शहरात नेली आणि तिचे नाव ‘आइसकॅट्स’ ठेवले. स्प्रिंगफील्डचे माजी गोलरक्षक व व्यवस्थापक ब्रूस लँडन यांनी भागीदारासह नव्या फ्रँचायझीची मंजुरी मिळवली, त्यामुळे त्या शहराचा एकही हंगाम बुडाला नाही. हार्टफर्डशी असलेली संलग्नताही या नव्या ‘फाल्कन्स’ संघालाच मिळाली. वुस्टरला गेले ते केवळ सभासदत्व.

त्यापुढची पावले भराभर पडली. वरच्या लीगमधील सेंट लुइस ब्लूजने ही फ्रँचायझी २००५ मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरियाला नेली. २०१३ मध्ये त्याच लीगमधील व्हँकूव्हर कॅनक्सने ती विकत घेऊन न्यूयॉर्क राज्यातील युटिका या छोट्या शहरात बसवली. चार हजारांच्या आतबाहेर आसने असलेले तिथले जुने सभागृह ‘कॉमेट्स’साठी भरभरून वाहू लागले आणि २०१५ मध्ये संघ अंतिम फेरीतही पोहोचला. तिथे त्यांना हरवणारा मँचेस्टरचा संघ करंडक जिंकल्यावर लगेच कॅलिफोर्नियाला हलवला गेला, यावरून या लीगमध्ये विजय म्हणजे मुक्कामाची हमी नव्हे, हे दिसते.

युटिकात प्रेक्षकांची वानवा नव्हती; अडचण अंतराची होती. व्हँकूव्हरचा एखादा खेळाडू दुखापतग्रस्त झाला की बदली खेळाडू खंडाच्या दुसऱ्या टोकावरून, सीमा ओलांडून आणावा लागे आणि कोविडच्या साथीच्या काळात ते आणखी कठीण झाले. म्हणून २०२१ मध्ये फ्रँचायझी व्हँकूव्हरपासून सुमारे ७० किलोमीटरवरील अ‍ॅबट्सफर्डला आली. युटिकात न्यू जर्सी डेव्हिल्सने बिंगहॅम्टनची फ्रँचायझी आणली, तिथले ‘कॉमेट्स’ हे नाव मात्र कायम राहिले.

जून २०२५ मध्ये मॅनी मल्होत्रा (वडिलांकडून भारतीय वंशाचे) यांच्या मार्गदर्शनाखाली अ‍ॅबट्सफर्डने शार्लट शहराच्या संघाला हरवून कॅल्डर करंडक जिंकला. फ्रँचायझी धरून मोजले तर हा आठवा करंडक आहे आणि आधीचे सातही स्प्रिंगफील्डचे आहेत. शहर धरून मोजले तर पहिला. मी स्वतः शहर धरूनच मोजतो, कारण त्या सात विजयांच्या वेळी घसा कोरडा करणारे प्रेक्षक स्प्रिंगफील्डचे होते आणि त्या शहरात आजही ‘थंडरबर्ड्स’ हा संघ खेळतो. तो संघही २०१६ साली मेन राज्यातील पोर्टलंडहून हलवून आणलेला आहे.